त्या ट्रकमधला शीख शिपाई कोणत्या पलटणीचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाचे आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही सोलापुरातील काही मित्र मिळून पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेलेल्या मराठा पलटणीवर चाळीस मिनिटांचा लघुपट करीत आहात. तयारी म्हणून इंग्रजी युद्धपट पाहताना तुमच्यात वाद झाला. एकाचे म्हणणे असे की, '१९१७' या चित्रपटात इंग्रज सैनिकांच्या ट्रकमध्ये बसलेला शीख शिपाई ही आजच्या काळाने इतिहासात केलेली सक्तीची भरती आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, 'डंकर्क'मध्ये एकही भारतीय सैनिक दिसत नाही, ही खरी लबाडी आहे. यांपैकी कोणाचे बरोबर, असे तुम्ही विचारता. आणि शेवटी एका ओळीत हेही विचारता की, इंग्रज किंवा अरब नट मिळत नसल्यामुळे आपल्याच मुलांना गोरा रंग लावून उभे केले तर चालेल का. ही शेवटची ओळ मला पहिल्या वादाइतकीच महत्त्वाची वाटली, त्यामुळे तिच्याकडे सावकाश येतो.

सोलापुरात काही वर्षे इतिहास शिकवल्यानंतर गेली वीस-बावीस वर्षे मी माहितीपट, नाटके आणि काही मालिका-चित्रपटांसाठी लष्करी इतिहासाचा सल्लागार म्हणून काम करतो. या कामात माझ्याकडे येणारा प्रश्न बहुधा 'असे लोक तिथे होते का?' असा असतो, आणि तुमच्या मित्रांचा वादही त्याच प्रश्नावर अडलेला आहे. माझ्या अनुभवाने तो प्रश्न फार ढोबळ आहे. कारण 'पहिल्या महायुद्धात शीख होते का?' याचे उत्तर 'हो, हजारोंनी होते' असे आहे, आणि त्या उत्तराने ट्रकमधल्या एका माणसाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. म्हणून मी कोणत्याही पात्रासाठी हजेरीपट मांडतो: तारीख कोणती, ठिकाण कोणते, पलटण कोणती आणि त्या दिवशी त्याला नेमलेले काम कोणते. हे चार रकाने भरले की निम्मे वाद आपोआप मिटतात आणि उरलेले निम्मे निदान नेमके होतात.

हा हजेरीपट '१९१७'ला लावून पाहू. चित्रपटाची गोष्ट ६ एप्रिल १९१७ या दिवशी उत्तर फ्रान्समध्ये सुरू होते. भारतीय पायदळाच्या लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजन १९१४च्या शरद ऋतूत फ्रान्सला पोहोचल्या आणि १९१५ संपता संपता तेथून हलवल्या गेल्या. भारतीय घोडदळ मात्र १९१८च्या सुरुवातीपर्यंत फ्रान्समध्येच होते. आपल्याकडची नावे धारण करणारे पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स हे रिसालेही त्यात होते. म्हणजे त्या तारखेला, त्या मुलखात, पगडीधारी शीख सैनिक दिसणे मुळीच अशक्य नव्हते. 'सक्तीची भरती' म्हणणारा तुमचा मित्र इथे चुकला.

पण तो पुरता चुकला असेही म्हणता येत नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत या पात्राला 'सिपॉय' म्हटले आहे. शिपाई हा पायदळाचा हुद्दा, आणि घोडदळातील माणूस सवार असतो. जे पायदळ सव्वा वर्षापूर्वीच फ्रान्स सोडून गेले, त्याचा शिपाई एकटाच मागे कसा राहिला आणि इंग्रज पलटणीच्या ट्रकमध्ये कसा बसला, याचे उत्तर चित्रपट देत नाही. त्याचे आडनाव 'जोंडालर' असे ठेवले आहे. पंजाबात असे नाव माझ्या तरी ऐकण्यात नाही. माझे मत असे की, पात्र ठेवण्याचा निर्णय योग्य होता आणि त्याचा हजेरीपट भरण्याचा कंटाळा केला गेला. खांद्यावर एका रिसाल्याचा बिल्ला आणि 'माझा घोडा गेला, माझा रिसाला पुढे आहे' एवढ्या अर्थाचे एक वाक्य दिले असते, तर तोच माणूस पाहुण्यासारखा न वाटता त्या रस्त्यावरचा वाटला असता.

इंग्रज पलटणींत भारतीय कधीच नव्हते, असेही समजू नका. जोगेंद्रनाथ सेन हे बंगाली अभियंते लीड्सच्या स्थानिक पलटणीत साधे सैनिक म्हणून भरती झाले आणि मे १९१६मध्ये फ्रान्समध्ये मारले गेले. वॉल्टर टल हा कृष्णवर्णीय फुटबॉलपटू इंग्रज पलटणीत अधिकारी झाला आणि मार्च १९१८मध्ये पडला. हरदित सिंग मलिक हे शीख वैमानिक ब्रिटिश हवाई दलातून लढले. अपवाद होते, आणि अपवादावर उत्तम चित्रपट निघू शकतो. मात्र अपवाद दाखवताना तो अपवाद आहे हे आसपासच्या माणसांच्या नजरेतून जाणवले पाहिजे. सेन यांना त्यांच्या पलटणीत सगळे सहजपणे सामावून घेत होते की त्यांच्या रंगाकडे पाहत होते, हाच तर त्या गोष्टीचा गाभा ठरेल.

आता दुसऱ्या महायुद्धातल्या माघारीवरचा 'डंकर्क'. इथे तुमच्या दुसऱ्या मित्राजवळ भक्कम पुरावा आहे. डिसेंबर १९३९मध्ये ब्रिटिश भारतीय सैन्याच्या पुरवठा दलातील खेचरांच्या चार कंपन्या फ्रान्सला पाठवण्यात आल्या होत्या, कारण कडाक्याच्या थंडीत आणि चिखलात मोटारी जिथे अडतात तिथे खेचर चालते. त्यांत बहुसंख्य माणसे पंजाब आणि वायव्य सरहद्दीकडची मुसलमान होती. १९४०च्या उन्हाळ्यात फ्रान्स कोसळला तेव्हा त्यांतील एक कंपनी जर्मनांच्या हाती सापडली आणि बाकीची बहुतेक माणसे खेचरे मागे सोडून इंग्लंडला पोहोचली. शिवाय फ्रेंच सैन्यात मोरोक्को, अल्जेरिया आणि पश्चिम आफ्रिकेतले सैनिक मोठ्या संख्येने होते, हे वेगळेच.

तरीही मी त्या चित्रपटाला तुमच्या मित्राइतका दोष देणार नाही, आणि याचे कारण संख्येत तसेच दृष्टिकोनात आहे. डंकर्कच्या किनाऱ्यावरून सुमारे ३ लाख ३८ हजार माणसे हलवली गेली. त्यांत भारतीय काही शेकड्यांत होते. तो चित्रपट वाळूवर उभ्या असलेल्या एका घाबरलेल्या पोरसवदा सैनिकाच्या, एका छोट्या नौकेच्या आणि एका वैमानिकाच्या डोळ्यांनी पाहतो. मैलोगणती पसरलेल्या त्या किनाऱ्यावर अशा एका मुलाला भारतीय खेचरवाले दिसलेच असते, असे मी शपथेवर सांगू शकणार नाही. न दाखवणे हा इथे अरुंद चौकटीचा परिणाम असू शकतो. दिग्दर्शकाने एक चौकट थोडी रुंद केली असती तर मला आनंद झाला असता, पण आनंद आणि अचूकपणा यांची गल्लत करू नये.

याच्या उलट १९५७चा 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' घ्या. सयाम-बर्मा रेल्वे बांधण्यासाठी जपान्यांनी दोस्त राष्ट्रांचे सुमारे ६० हजार युद्धकैदी राबवले आणि त्यांतले १२ हजारांहून अधिक मेले. पण त्याच रेल्वेवर मलायातील तमिळ मळेकामगार, बर्मी, जावानी अशा आशियाई मजुरांची संख्या त्याहून कितीतरी मोठी होती आणि त्यांचे मृत्यू कैद्यांच्या मृत्यूंच्या कित्येक पटींनी अधिक होते. चित्रपटात मात्र तो पूल म्हणजे गोऱ्या कैद्यांची शिस्त आणि गोऱ्या कर्नलचा अहंकार यांची गोष्ट होते. इथे 'आमची चौकट अरुंद होती' ही सबब चालत नाही, कारण पुलाचे बांधकाम हाच विषय आहे आणि बांधणाऱ्यांपैकी बहुसंख्य माणसेच चौकटीबाहेर राहिली आहेत. चित्रपट म्हणून तो मला आजही आवडतो. ते रेल्वेचे चित्र आहे असे मी विद्यार्थ्यांना कधीही सांगत नाही.

म्हणजे न दाखवण्याचा दोष किती, हे बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे: चित्रपट स्वतःहून केवढा पट उलगडण्याचा दावा करतो, वगळलेली माणसे त्या पटात केवढी होती आणि कोणाच्या डोळ्यांनी आपण पाहतो आहोत. एकच फूटपट्टी सगळ्यांना लावणाऱ्या सल्लागारावर, तो मी असलो तरी, विश्वास ठेवू नका.

इथपर्यंत 'दाखवले की वगळले' एवढेच बोललो. पण या व्यवसायात मला सर्वांत जास्त सतावणारी चूक तिसरीच आहे: माणूस दाखवला जातो आणि त्याची जागा बदलली जाते. मी स्वतः ती केली आहे. काही वर्षांपूर्वी एका माहितीपटात इंग्रज लेफ्टनंट आणि भारतीय सुभेदार एका टेबलावर जेवत बोलत आहेत, असा नाट्यरूपांतराचा छोटा प्रसंग होता. दिग्दर्शकाला त्यातून मैत्री दाखवायची होती. मी बिल्ला, पट्टा, पदके, टेबलावरचा कंदील, सगळे तपासले आणि मान्यता दिली. सोलापुरातल्या खेळाला एक निवृत्त सुभेदार मेजर आले होते. खेळ संपल्यावर ते मला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाले, "सर, बिल्ला बरोबर आहे, पट्टा बरोबर आहे. पण सुभेदार त्या खुर्चीवर बसला कसा?" मला उत्तर देता आले नाही. त्या काळच्या व्यवस्थेत वीस वर्षे नोकरी झालेला सुभेदारसुद्धा काल आलेल्या सगळ्यांत कनिष्ठ इंग्रज अधिकाऱ्याच्या खालीच होता, आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये त्याला जागा नव्हती. दोघांमध्ये जिव्हाळा असू शकत होता, असायचाही; पण तो एकाने उभे राहून आणि दुसऱ्याने बसून जपलेला जिव्हाळा होता. मी खुर्ची देऊन तो जिव्हाळा सोपा आणि खोटा केला.

तेव्हापासून 'इतिहासातील अचूकपणा' म्हणजे गणवेशाच्या गुंड्या, असे मला वाटेनासे झाले आहे. वसाहतींची सैन्ये वंशाच्या पायऱ्यांवर उभी होती, आणि त्या पायऱ्या काढून टाकून केवळ चेहऱ्यांचे रंग मिसळले, तर प्रेक्षकाला ती सैन्ये होती त्यापेक्षा न्यायी वाटतात. अमेरिकन सैन्याचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. ६ जून १९४४ला ओमाहा किनाऱ्यावर कृष्णवर्णीयांची ३२०वी बलून पलटण उतरली होती. शत्रूच्या विमानांना खाली येता येऊ नये म्हणून मोठे फुगे तारेने हवेत सोडणे हे तिचे काम होते. या पलटणीला पडद्यावर जागा मिळायलाच हवी. पण तिच्यातला एखादा सैनिक उचलून गोऱ्या पायदळाच्या तुकडीत मित्र म्हणून बसवला, तर समावेशाच्या नावाखाली आपण ती विभागणीच पुसून टाकतो, कारण अमेरिकन सैन्यातील वर्णभेद अध्यक्ष ट्रुमन यांच्या आदेशाने अधिकृतपणे मोडण्याचा निर्णय झाला तो जुलै १९४८मध्ये, युद्ध संपल्यानंतर तीन वर्षांनी.

पहिल्या महायुद्धातल्या आपल्या माणसांचेही असेच. इंग्लंडमधील ब्रायटनच्या राजवाड्यात जखमी भारतीयांसाठी इस्पितळ काढले होते, याची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील: झुंबरांखाली खाटांच्या रांगा. त्या इस्पितळात जाती-धर्मांच्या सोयीसाठी नऊ स्वयंपाकघरे होती आणि हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे होते. त्याच व्यवस्थेने पुढे गोऱ्या परिचारिकांना भारतीय जखमींच्या शुश्रूषेपासून दूर केले, कारण गोऱ्या स्त्रीने काळ्या सैनिकाची मलमपट्टी करणे वरिष्ठांना रुचत नव्हते. एकाच इमारतीत इतकी काळजी आणि इतका संशय. झुंबरे तेवढी दाखवली तर राजनिष्ठेचे कॅलेंडर होईल आणि संशय तेवढा दाखवला तर तुरुंग होईल. मला दोन्ही एकाच दृश्यात हवे असतात. त्या छायाचित्रांबद्दलही सावध राहा, कारण १९१५मध्ये फ्रान्समधील भारतीय सैनिकांची प्रसिद्ध झालेली काही छायाचित्रे प्रचारासाठी मुद्दाम मांडणी करून काढलेली होती.

अशा दुरुस्तीचा व्यवहारात काही उपयोग होतो का, असा तुमच्या प्रश्नात एक उपहासाचा सूर होता. होतो, निदान एकदा झालेला मला माहीत आहे. २००६मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या सैनिकांवर 'अँदिजेन' हा फ्रेंच चित्रपट आला. फ्रान्सच्या मुक्तीसाठी लढलेल्या वसाहतींतील सैनिकांचे निवृत्तिवेतन १९५९मध्ये गोठवण्यात आले होते आणि फ्रेंच सैनिकांच्या तुलनेत ते नाममात्र उरले होते. चित्रपटानंतर राष्ट्राध्यक्ष शिराक यांच्या सरकारने हयात सैनिकांचे वेतन बरोबरीला आणण्याचा निर्णय जाहीर केला. त्या चित्रपटात सैनिकांना टोमॅटो वाटतानासुद्धा भेद केला जातो असा प्रसंग आहे. मला वाटते, लढाईच्या दृश्यांपेक्षा त्या टोमॅटोने जास्त काम केले.

आता तुमच्या लघुपटाकडे येऊ. तुम्ही योगायोगाने योग्य जागा निवडली आहे, कारण फ्रान्समधून हलवलेले ते पायदळ गेले कुठे, तर मेसोपोटेमियात, कूत येथे अडकलेल्या सैन्याच्या सुटकेसाठी. कूतमध्ये अडकलेली सहावी डिव्हिजन 'पुणे डिव्हिजन' म्हणून ओळखली जात असे आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५च्या पहिल्या आठवड्यापासून २९ एप्रिल १९१६पर्यंत १४७ दिवस वेढा चालला आणि शेवटी सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. सेनापती टाउनशेंड यांचा बंदिवास इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात गेला, तर शिपाई वाळवंटातून चालत चालत मेले.

तुमच्या संहितेच्या सारांशात पलटणीतील सगळे शिपाई मराठा आहेत. इथे हजेरीपट लावा. त्या काळच्या मराठा पलटणींत देशावरचे मराठे, कोकणी मराठे आणि दख्खनी मुसलमान अशी भरती असे. म्हणजे 'इंग्रजांनी आम्हाला वगळले' अशी तक्रार करणारा लघुपट स्वतःच आपल्या पलटणीतल्या मुसलमान शिपायांना वगळतो आहे. हे मी टोचून बोलत नाही. बहुतेक मराठी संहितांमध्ये ही चूक सापडते, कारण पलटणीचे नाव वाचून आपण थांबतो. आणि नाट्याच्या दृष्टीनेही तुम्ही केवढे गमावता आहात पाहा: कैदेत तुर्कांनी मुसलमान शिपायांना आपल्या बाजूला वळवण्याचे प्रयत्न केले. कोकणातला एक आणि सोलापूरकडचा दख्खनी मुसलमान एक, असे एकाच खंदकातले दोन मित्र घ्या आणि समोरून ती हाक येऊ द्या. यापेक्षा मोठा प्रसंग तुम्हाला कल्पनेने रचता येणार नाही.

तसेच लढणाऱ्यांच्या मागची माणसे. भिस्ती, स्वयंपाकी, सफाई कामगार, डोलीवाले, खेचरे हाकणारे ड्राबी यांच्याशिवाय ते सैन्य एक दिवसही टिकले नसते. वंशाची पायरी इंग्रज आणि भारतीय यांच्यात होती, तशी जातीची पायरी भारतीयांच्या आत होती, आणि ती दाखवली नाही तर इंग्रजांच्या पायरीवर बोट ठेवण्याचा आपला अधिकार थोडा कमी होतो. वेढ्याच्या अखेरीस अन्न संपत आले, घोडे कापले जाऊ लागले, आणि अनेक भारतीय शिपायांनी धर्म बुडेल या भीतीने कितीतरी दिवस ते मांस नाकारले. इंग्रज सैनिक ते खात होते. रोगराई आणि अशक्तपणा यांचे प्रमाण दोन्हींकडे सारखे राहिले नाही. या एका ताटाभोवती तुमची अर्धी संहिता उभी राहू शकते.

गोऱ्या रंगाचा प्रश्न आता घेतो. माझे स्पष्ट मत: लावू नका. नैतिक वादात न शिरताही सांगतो की, पडद्यावर ते दिसतेच आणि प्रेक्षक हसतो. नाटकात चालते, कारण रंगमंचावर प्रेक्षक संकेत मान्य करून बसलेला असतो. खऱ्या वाळूवर, खऱ्या उन्हात कॅमेरा जवळ गेला की तो करार मोडतो. तुमच्या दृष्टीला याचे एक घरचे उदाहरण आहे. भैय्या चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर तुम्ही पाहिले असेलच. १९३८मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातले ते एक, आणि डिसेंबर १९४२मध्ये तिथेच वारले. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला, त्यात स्वतः कोटणीसांची भूमिका केली आणि त्यांच्या चिनी पत्नीची भूमिका जयश्री यांनी केली. भारतीय नटीने चिनी स्त्री व्हावे, हे तेव्हा कोणाला खटकले नाही, दुसरा मार्गही सहज उपलब्ध नव्हता, आणि त्या चित्रपटामागची आस्था खरी होती. तरीही आज तो पाहताना सोलापूरचा डॉक्टर माणूस वाटतो आणि चीन मात्र पडद्यावर रंगवलेला वाटतो. आपल्याला 'क्वाय'मधून वगळलेले आशियाई मजूर खटकतात, तर चिनी प्रेक्षकाला हे खटकण्याचा तेवढाच हक्क आहे.

मग करायचे काय? पैसे नसतील तर चौकट अरुंद करा आणि ती प्रामाणिकपणे अरुंद ठेवा. कॅमेरा शिपायांमध्ये ठेवा. इंग्रज अधिकारी आवाजातून, बुटांतून, तंबूच्या पडद्यामागच्या सावलीतून, शिपायाला वाचून दाखवलेल्या हुकमातून येऊ द्या. शिपायाच्या जगात गोरा अधिकारी खरोखरच बराचसा असाच येत असे, त्यामुळे ही तडजोड राहत नाही, ती दृष्टी होते. पुण्या-मुंबईत एखादा परदेशी विद्यार्थी एका दिवसासाठी मिळाला, तर त्याला एकच दृश्य द्या आणि चांगले लिहून द्या. अरबांच्या बाबतीत जास्त जपा. कूतमध्ये हजारो अरब रहिवासीही वेढ्यात अडकले होते, आणि आपल्या संहितेत अरब हा फक्त लुटारू म्हणून येत असेल तर इंग्रजांनी आपले जे केले तेच आपण त्यांचे करतो आहोत.

चेहऱ्यांपेक्षा भाषेवर जास्त मेहनत घ्या, कारण वंशाची पायरी ऐकू येते. इंग्रज अधिकाऱ्याला उर्दूची परीक्षा द्यावी लागे आणि तो शिपायांशी मोडकी हिंदुस्तानी बोलत असे. शिपाई त्याला त्याच भाषेत उत्तर देई आणि वळून सोबत्याशी मराठीत बोले. हुकूम एका भाषेत, गाऱ्हाणे दुसऱ्या भाषेत. तुमच्या संहितेत इंग्रज अधिकारी मराठी बोलतो, ते आजच काढून टाका. आणि शिपायांनाही पुण्याची मराठी देऊ नका. १२ जानेवारी १९३१ला फाशी गेलेले आपले चार हुतात्मे, धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा, यांची आडनावे एका दमात म्हणून पाहा, म्हणजे या शहराच्या बोलण्यात किती भाषा मिसळल्या आहेत ते कानाला कळेल. दख्खनी मुसलमान शिपायाच्या भूमिकेसाठी मुंबईचा नट शोधत बसण्यापेक्षा बेगम पेठेतला एखादा मुलगा घ्या. त्याच्या तोंडची दख्खनी कोणत्याही भाषाशिक्षकाला शिकवता येणार नाही.

ड्रेपरीबद्दल, म्हणजे भाड्याने आणायच्या वेशभूषेबद्दल, एकच सूचना. ड्रेपरीवाल्याला 'पहिल्या महायुद्धातले भारतीय सैनिक' असे सांगितलेत, तर तो तुम्हाला शिखांचे फेटे पाठवील, कारण त्याच्याकडे तेच असतात. प्रत्येक वर्गाची फेटा बांधण्याची रीत वेगळी होती. मराठा पलटणीची छायाचित्रे मोबाइलवर घेऊन स्वतः जा आणि ती त्याच्यासमोर ठेवा. गुंड्यांचे महत्त्व मी वर कमी केले, फेट्याचे करणार नाही, कारण फेट्यावरून माणूस कोण हे त्या सैन्यात ओळखले जाई.

राहिला पात्रांच्या नावांचा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत. इराकमध्ये बसरा येथे १९२९मध्ये उभारलेल्या युद्धस्मारकावर मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा ४० हजारांहून अधिक माणसांची नोंद आहे. इंग्रज सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत, भारतीय अधिकाऱ्यांचीही आहेत. भारतीय शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा आहे. नावे कागदावरच्या नोंदवहीत राहिली, आणि आता ती युद्धकबरींच्या आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. तुमच्या नायकाचे नाव सध्या 'तानाजी' आहे, ते तात्पुरते समजा. पलटणीचा क्रमांक टाकून शोधा, सोलापूरचे जुने 'शोलापूर' हे रूप वापरूनही पाहा, आणि जी यादी निघेल ती मित्रांसह मोठ्याने वाचा. कोणाचेही खरे नाव जसेच्या तसे उचलू नका, कारण त्याचे वंशज असू शकतात. पण त्या यादीतून नावांची ठेवण, गावांची नावे आणि कोण कोणाबरोबर होते हे कळेल. ते झाले की संहितेचा दुसरा खर्डा इथेच टाका. मी हजेरीपट घेऊन बसतो.